धूर घरात का येतो? नव्या निर्धूर चुलीची मांडणी आणि दुरुस्ती

धारा काढून झाल्या असतील, पोरं जेवून बसली असतील, तर थोडा वेळ आमच्यासाठी द्या. आज आम्ही चुलीबद्दल बोलणार आहोत. चूल काय, ती तर आपल्याला आईच्या पोटापासून माहीत, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो आणि तिथंच फसलो.

मागल्या दिवाळीच्या आधी आमच्या बचत गटानं अकरा घरांत निर्धूर चुली घातल्या. दोन भांड्यांची चूल, मागं धुराडं. गटातून थोडे पैसे काढले, थोडे घरच्यांनी घातले. संक्रांतीला तिळगूळ द्यायला घरोघर गेलो, तेव्हा अकरापैकी चारच चुली पेटत होत्या. एका घरी चुलीवर मीठ-मिरचीचे डबे मांडलेले. एका घरी धुराड्याचा पाइप काढून कोंबड्यांच्या खुराड्याला आडवा लावलेला. आमच्या एक आत्याबाई आहेत, त्यांनी तर तोंडावर सांगितलं, "बायांनो, जुनी चूल निदान सगळ्या घरात धूर करायची. ही नेमका माझ्याच तोंडावर सोडते."

चूलच वाईट, असं म्हणून आम्ही मोकळ्या झालो असतो. पण चार घरी ती नीट पेटत होती. माती तीच, साचा तोच, गवंडीही तोच. मग फरक कुठं पडला? तो शोधण्यात आमचा पुढचा सगळा उन्हाळा गेला. सातही घरी जाऊन आम्ही चूल पेटवून बघितली, धुराडं काढून बघितलं, सरपण हातात घेऊन बघितलं. जे सापडलं ते आज सांगतो.

त्याआधी, हा खटाटोप कशासाठी, ते सांगू. याच आत्याबाईंना दोन वर्षं सकाळचा खोकला आहे. चढ चढला की दम लागतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, विडी ओढता का?" त्यांनी आयुष्यात विडी हातात धरली नाही. ओढला तो चुलीचा धूर, बाराव्या-तेराव्या वर्षापासून, दिवसातून दोन वेळा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०२० साली एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांच्या आतली लेकरंही पुष्कळ, कारण लेकरू आईच्या मांडीवर आणि आई चुलीपुढं. म्हणून ही चूल नीट पेटणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

चूल चालते कशी, ते आधी समजून घेऊ

तीन दगडांच्या किंवा साध्या चुलीत जाळ भांड्याच्या चारी बाजूंनी उघडा असतो. वारा लागला की जाळ भलतीकडं जातो, निम्मी आच वाया जाते आणि धूर वाट मिळेल तिकडं पसरतो. निर्धूर चुलीत वाट ठरवून दिलेली असते. पुढच्या तोंडातून हवा आत येते. जाळीवर लाकूड जळतं, राख जाळीखाली पडते. जाळ पहिल्या भांड्याच्या बुडाला लागतो, मग बोगद्यातून वैलावरच्या भांड्याखाली जातो आणि उरलेला धूर धुराड्यातून वर निघून जातो.

हे सगळं ओढतं कोण? धुराडं. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. ती वर गेली की तिच्या जागी पुढच्या तोंडातून नवी हवा येते. म्हणजे धुराडं जितकं उंच, सरळ, गरम आणि मोकळं, तितकी ओढ चांगली. निर्धूर चुलीच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या ओढीशी येऊन थांबतात. हवेला यायला वाट पाहिजे, धुराला जायला वाट पाहिजे आणि लाकूड कोरडं पाहिजे. एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मी दुरुस्ती घरच्या घरी होते.

जागा निवडताना

चूल दाराच्या अगदी समोर नको. वाऱ्याची झुळूक थेट तोंडात शिरली की धूर उलटतो. पण सगळी दारं-खिडक्या बंद असतील अशा कोंदट कोपऱ्यातही नको, कारण आत हवा आली नाही तर धुराडं ओढणार काय? खिडकी चुलीच्या बाजूला असलेली बरी.

भिंत कुडाची असेल किंवा छप्पर पाल्याचं, पाचटाचं असेल तर जास्त काळजी घ्या. चुलीच्या आणि कुडाच्या मधे मातीची जाड भिंत घाला. पाइप छपरातून जातो तिथं पाला-पाचट, वासा किंवा कामटी पाइपला टेकता कामा नये. भोवती वीतभर जागा मोकळी ठेवून तिथं पत्रा बसवा. पावसाळ्यात तिथूनच पाणी गळतं, म्हणून पत्र्याला थोडा उतार द्या. आमच्या एका घरी पाइप गळायला लागला, पाणी चुलीत उतरलं आणि बोगदा आतून ढासळला. धूर कशानं येतो ते महिनाभर कुणाला कळलंच नाही.

माती आणि वाळवणं

निव्वळ काळ्या मातीची चूल करू नका. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते. चिकट माती, थोडी वाळू, गव्हाचा भुसा किंवा भाताचं तूस आणि शेण असं कालवून दोन-तीन दिवस मुरू द्यावं, रोज तुडवावं. सिमेंटची चूल केली तर जाळ लागतो त्या आतल्या भागाला मातीचा जाड लेप पाहिजेच. नुसतं सिमेंट आचेनं तडकतं.

आता आमची सगळ्यात मोठी चूक ऐका. दिवाळी तोंडावर होती, करंज्या-चकल्या करायच्या होत्या, म्हणून मातीची ओली चूल आम्ही तिसऱ्या दिवशी पेटवली. बाहेरून वाळलेली दिसत होती, आत ओलीच होती. ओली चूल आच शोषून घेते, धुराडं गरम होत नाही, धूर तोंडातून येतो. शिवाय आतलं पाणी वाफ होऊन फुटतं आणि मोठ्या भेगा पडतात. पहिल्याच दिवशी डोळ्यांत धूर गेला आणि बायकांचं मन उडालं.

चूल सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. नंतरचे तीन दिवस फक्त काटक्यांचा बारीक जाळ करा, तोही थोडाच वेळ. स्वयंपाक त्यावर करू नका. बारीक भेगा पडतील, त्या माती आणि चाळलेली राख कालवून भरा. मग चौथ्या दिवशी पहिलं भांडं चढवा. रोजचा पोतेरा द्यायला हरकत नाही, मात्र पाणी पाझरेल इतका ओला नको, आणि चूल गार झाल्यावरच.

धुराडं कसं असावं

पाइप चार इंचांचा घ्या. फार अरुंद असला तर काजळीनं लवकर तुंबतो. शक्यतो सरळ वर न्या. आडवा पाइप आणि काटकोनातला वाक यांनी ओढ मरते. वळवायचाच झाला तर तिरका वळवा. पाइप छपरातून निघतो तिथून किमान तीन फूट वर जाऊ द्या आणि दहा फुटांच्या आत छपराचा आढा किंवा शेजारची भिंत असेल तर तिच्यापेक्षा दोन फूट उंच ठेवा. वर टोपी हवी, पण टोपी आणि पाइपचं तोंड यांच्यात चार-पाच बोटं मोकळी. एका घरी टोपी पाइपवर घट्ट दाबून बसवलेली सापडली. डब्याचं झाकण लावावं तसं! धूर जाणार कुठून?

जुना सिमेंटचा पाइप वापरणार असाल तर तो करवतीनं कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

पत्र्याचा पाइप हात भाजेल इतका तापतो. लेकरांचा हात पोहोचेल तिथपर्यंत त्याला मातीचं जाड लिंपण करा.

सरपण

सात घरांपैकी तीन घरांत चुलीचा काही दोष नव्हता, सरपण ओलं होतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनानं जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते पाणी उकळवण्यातच आच जाते, मग भांडं कशानं तापणार?

वाळलेलं लाकूड ओळखायला सोपं आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटण वाजलं तर कोरडं, थप् आवाज आला तर ओलं. कोरड्या लाकडाच्या टोकाला भेगा असतात, साल सुटते, हातात हलकं लागतं. बाभळीचं ओलं लाकूड फोडून ठेवा, फोडलेलं लवकर वाळतं. खाली दोन दगड किंवा विटा ठेवून जमिनीपासून उचलून रचा. वरून पत्रा किंवा कागद टाका, बाजू उघड्या राहू द्या. चारी बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलं की आतल्या आत घामेजतं. या पावसाळ्यात जाळायचं सरपण उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच रचलेलं पाहिजे. तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटं भराभरा जळतात. पेटवायला त्या चांगल्या, पण बाभळीच्या लाकडाबरोबर वापरा.

लाकूड मनगटापेक्षा जाड नको. एका वेळी दोन-तीन तुकडे पुरे. चूल गच्च भरली की जास्त पेटेल असं वाटतं, पण आत हवाच शिरत नाही आणि ती धुमसते. टोक जळेल तसं लाकूड आत सारत राहा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे पेटवायला घेऊ नका. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी.

आता तक्रारी एकेक घेऊ

पेटवतानाच धूर बाहेर येतो, मग थांबतो. धुराडं गार आहे. रात्रभर त्यात थंड, जड हवा बसलेली असते. वैलावरचं भांडं उचला, धुराड्याच्या बुडाशी मूठभर वाळलेलं गवत किंवा कागद पेटवा आणि भांडं परत ठेवा. दोन मिनिटांत ओढ सुरू होते. मग पुढं चूल पेटवा.

सारखाच धूर येतो. आधी वैल बघा. त्यावर भांडं आहे का? उघडा राहिला तर धूर तिथूनच निघणार. काही शिजवायचं नसेल तर पाण्याचं भांडं ठेवा, अंघोळीला, भांड्यांना गरम पाणी आपसूक मिळतं. भांडं तोंडावर नीट बसतं का तेही बघा. लहान भांडं मोठ्या तोंडावर ठेवलं की चहूबाजूंनी फट राहते. चूल घालताना घरातली रोजची भांडी गवंड्यासमोर ठेवा, तोंडं त्यांच्याच मापाची करून घ्या.

पहिले दोन-तीन महिने चांगली होती, आता धूर येतो. राख किंवा काजळी साचली. बोगदा आणि धुराडं साफ करा.

वारा सुटला की धूर येतो. पाइप ठेंगणा आहे किंवा टोपी नाही. पाइपला तुकडा जोडून उंची वाढवा.

दार लावलं की धूर येतो. हवा आत यायला वाट नाही. चूल पेटती असताना खिडकी उघडी ठेवा.

वैलावर भात शिजत नाही. बोगद्यात राख भरली असेल किंवा भांड्याच्या बुडाखाली फार खोल पोकळी असेल. तीन बोटांची जागा पुरते. खोल असेल तर मातीचा उंचवटा करा, म्हणजे जाळ भांड्याच्या बुडाला घासून जाईल. आणि वैलाकडून पुरणाची डाळ शिजवायची अपेक्षा करू नका. वैल मंद शिजवण्यासाठी आणि ऊन ठेवण्यासाठी.

चुलीची ओढ बरोबर आहे का, हे बघायची एक युक्ती सांगतो. चूल पेटती असताना एक उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाजवळ धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर चूल ठीक. तोंडाशी घोटाळला किंवा बाहेर आला तर कुठंतरी वाट अडली आहे. दुसरी युक्ती, चुलीवरच्या भिंतीला हातभर चुन्याचा पट्टा ओढा आणि महिन्यानं बघा. पट्टा काळा पडला असेल तर तीच काजळी तुमच्या छातीतही गेली.

भाकरीचं काय?

आत्याबाईंची खरी तक्रार आम्हाला शेवटी कळली. धूर तर होताच, पण त्यांचं म्हणणं होतं, "भाकरी फुगत नाही." जुन्या चुलीला भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढं उभी करायची सवय. नव्या चुलीचं तोंड लहान, तिथं भाकरी उभी कुठं करणार? ज्वारीची भाकरी फुगली नाही तर घरात बोलणी बसतात. आम्ही चूल घालताना हे कुणाला विचारलंच नाही. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला, देशभर कोट्यवधी चुली घातल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी पुढं पडून राहिल्या. चूल घालून देणारा एक आणि तिच्यापुढं बसणारी दुसरी, असं झालं की हे होतंच.

आम्ही दोन गोष्टी करून बघितल्या. एक, चुलीच्या तोंडापुढं वीतभर रुंद मातीचा ओटा केला. तवा चढवला की थोडे निखारे ओढून त्या ओट्यावर घ्यायचे आणि भाकरी तिथं उभी करायची. निखारे लाल हवेत, धुमसतं कोलीत नको. दुसरी, तवा उतरवून पहिल्या तोंडावर तारेची जाळी ठेवायची आणि तिच्यावर भाकरी शेकायची. तेवढा वेळ थोडा धूर येतो, म्हणून सगळ्या भाकऱ्या तव्यावर करून शेवटी ओळीनं शेकाव्यात. आत्याबाईंना ओटा पटला. आता त्या आम्हालाच शिकवतात.

साफसफाई

रोज सकाळी गार राख काढा. आठवड्यातून एकदा बोगद्यात हात घालून किंवा लहान खुरप्यानं राख ओढा. महिन्यातून एकदा धुराडं साफ करा. दोरीला काथ्याचा बोळा आणि खाली दगड बांधून वरून सोडायचा, तीन-चार वेळा खालीवर करायचा. काजळी खाली पडते, ती वैलाच्या तोंडातून काढा. नाकाला पदर बांधा. छपरावर एकटीनं चढू नका, खाली कुणीतरी पाहिजे. राख उकिरड्यावर टाकण्याआधी रात्रभर गार होऊ द्या, आत निखारा दडलेला असतो.

काजळी साचू दिली तर ती धुराड्यात पेट घेऊ शकते. वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज येतो, पाइप लाल होतो. अशा वेळी तापलेल्या पाइपवर पाणी ओतू नका. लेकरांना बाहेर काढा, चुलीतल्या जाळावर राख किंवा माती टाका, पुढचं तोंड पत्र्यानं बंद करा आणि माणसं बोलवा. आग छपराला लागली तर तिथं मात्र पाणी मारा.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि शेगडी लगेच बाहेर न्या.

भाजलं तर भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तेल लावू नका. जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन करा.

शेवटी एक खरं सांगतो. निर्धूर चूल म्हणजे धूर अजिबात नाही, असं नाही. धूर घराबाहेर जातो आणि कमी होतो, इतकंच. घरात गॅस आहे आणि सिलिंडर परवडतो, त्यांनी लहान लेकरू किंवा दमेकरी असलेल्या घरात गॅसच वापरावा. पण सिलिंडर संपला, पैसे नाहीत, अंघोळीचं पाणी तापवायचंय, वीस माणसांच्या भाकरी करायच्यात, अशा वेळी चूल पेटतेच. पेटणारच असेल तर नीट पेटावी.

आज आमच्या अकरापैकी नऊ चुली चालू आहेत. दोन घरांनी पुन्हा नको म्हटलं, तेही आम्ही ऐकून घेतलं. आत्याबाईंचा खोकला गेलेला नाही. एवढ्या वर्षांचा धूर एका उन्हाळ्यात निघत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्यांची नात आता स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ पाटी घेऊन बसते. पूर्वी डोळे चोळत बाहेर पळायची.

या आठवड्यात एवढं करा. उदबत्ती लावून आपल्या चुलीची ओढ बघा आणि शेजारणीचीही बघा. जे दिसेल ते गटाच्या बैठकीत सांगा. अडलंच काही तर आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू. येतो आम्ही. राम राम.